ऐन थंडीत बॉयलर बंद पडला तर: आधी काय, मग काय

ब्रिटनमधल्या मराठी घरांतून डिसेंबर-जानेवारीत हा प्रश्न हटकून येतो. सकाळी उठावं तर रेडिएटर गार, नळाला बर्फासारखं पाणी आणि बॉयलरच्या पडद्यावर कसलासा कोड. पुढचंही ठरलेलं असतं. रिसेटचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं जातं, दोन हीटर आणून एकाच एक्स्टेन्शनला लावले जातात आणि घरमालकाला फोनवर 'हीटिंग चालत नाही' एवढंच कळवलं जातं. संध्याकाळपर्यंत घर बारा-तेरा अंशांवर येतं. खरं तर अनेकदा बिघाड इतका साधा असतो, की बॉयलरची पेटी न उघडता घरच्या घरी तो दूर झाला असता.

करायच्या गोष्टी बऱ्याच जणांना ठाऊक असतात, घोळ होतो तो क्रमात. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. लेख गॅसवर चालणाऱ्या कॉम्बी बॉयलरबद्दल आहे, म्हणजे रेडिएटरही तापवणारी, नळालाही गरम पाणी देणारी आणि वेगळी टाकी नसलेली भिंतीवरची पेटी. कायद्याचा भाग इंग्लंडपुरता आहे.

## बॉयलर चालू असतानाच करून ठेवायची तयारी

हे काम या शनिवारी उरका. बंद पडलेल्या बॉयलरसमोर टॉर्च घेऊन शोधाशोध करणं फार जिवावर येतं.

घरात पाच जागा शोधा आणि प्रत्येकीचा फोटो फोनमध्ये ठेवा: पाण्याचा स्टॉपकॉक, म्हणजे घराचं पाणी बंद करायचा मुख्य व्हॉल्व्ह (बहुधा किचन सिंकखालच्या कपाटात), गॅस मीटरजवळचा मुख्य खटका, विजेचा फ्यूज बॉक्स, बॉयलरशेजारचा त्याचा स्वतंत्र स्विच आणि बॉयलरखालचा फिलिंग लूप. फिलिंग लूप म्हणजे बॉयलरमध्ये पाणी भरायची जाळीदार, चंदेरी, लवचिक नळी. काही बॉयलरना नळीऐवजी खाली एक चावी किंवा लहानसा खटका असतो. मग बाहेर जाऊन बॉयलरच्या मागच्या भिंतीवर बारीक पांढरा किंवा करडा प्लॅस्टिकचा पाइप दिसतो का बघा. त्याचाही फोटो घ्या. टप्पा ४ पूर्ण त्याच्यावर आहे.

घरात एवढं असू द्या: रेडिएटरची छोटी चावी, थर्मोस्टॅटला लागणारे सेल, माणशी एक गरम पाण्याची पिशवी, तेल भरलेला एक विजेचा रेडिएटर आणि चालू स्थितीतला कार्बन मोनॉक्साइड (विषारी वायू) ओळखणारा अलार्म. भाड्याच्या घरात गॅस बॉयलर ज्या खोलीत असेल तिथे हा अलार्म बसवणं १ ऑक्टोबर २०२२पासून घरमालकावर बंधनकारक आहे. नसेल तर आजच लेखी मागा.

घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, वयस्कर किंवा आजारी माणूस असेल, तर वीज-गॅस कंपनीच्या प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये (जास्त मदत लागणाऱ्या घरांच्या यादीत) नाव घाला. पैसे लागत नाहीत.

## टप्पा १: धोका नाही ना, एवढंच बघा

बॉयलरकडे जाण्याआधी वास घ्या. गॅसचा वास येत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा. खिडक्या-दारं उघडा, मीटरजवळचा खटका पाइपला आडवा होईपर्यंत फिरवून गॅस बंद करा, घराबाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या राष्ट्रीय गॅस आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो. मीटर तळघरात असेल आणि वास तिथूनच येत असेल, तर खाली उतरू नका.

सावधान: वास येत असताना दिव्याचं बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. दोन्ही वेळी ठिणगी पडू शकते. मुख्य खटका पुन्हा उघडण्याचं कामही स्वतः करू नका.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं असा त्रास घरातल्या एकाहून अधिक माणसांना होत असेल आणि बाहेर गेल्यावर बरं वाटत असेल, किंवा अलार्म सलग वाजत असेल, तर बॉयलर बंद करा, सगळे बाहेर पडा आणि वरच्याच क्रमांकावर फोन करा. बॉयलरवर काजळीचे डाग दिसले तरी तो वापरू नका. या गोष्टी 'सर्दीचे दिवस आहेत, होतं असं' म्हणून सोडून देऊ नका.

बॉयलरखाली पाणी ठिबकत असेल तर शेजारचा स्विच बंद करून खाली बादली ठेवा आणि थेट टप्पा ६ला जा.

## टप्पा २: गॅस, वीज, थर्मोस्टॅट

कंटाळवाणं वाटलं तरी हा टप्पा गाळू नका.

गॅस: स्वयंपाकाची शेगडी गॅसवर असेल तर पेटवून बघा. पेटली नाही तर दोष बहुधा बॉयलरचा नाही. प्रीपेमेंट (आधी पैसे भरायचा) मीटर असेल तर शिल्लक संपली का बघा. टॉप-अप केल्यावरही काही स्मार्ट मीटरवर एक बटण दाबून गॅस पुन्हा सुरू करावा लागतो, आणि तिथेच पुष्कळ जण अडकतात.

वीज: बॉयलरचा पडदा पूर्ण काळा असेल तर फ्यूज बॉक्समधला एखादा खटका पडलाय का आणि बॉयलरशेजारचा स्विच चालू आहे का ते बघा. साफसफाईत किंवा मुलांच्या हातून तो बंद झालेला असतो. वर चढवलेला खटका लगेच पुन्हा पडला तर दुसऱ्यांदा चढवू नका.

थर्मोस्टॅट: पडदा कोरा असेल तर सेल बदला. मग तापमान खोलीच्या चालू तापमानाच्या वर, समजा २३ अंशांवर नेऊन ठेवा आणि थोडं थांबा. वीज जाऊन आल्यावर टायमरचं घड्याळ चुकतं, तेही जुळवा.

तपासा: नळाला गरम पाणी येतंय पण रेडिएटर गार आहेत, असं असेल तर बॉयलर पेटतोय आणि दोष बहुधा थर्मोस्टॅट, टायमर किंवा आतल्या व्हॉल्व्हमध्ये आहे. एकच रेडिएटर गार असेल तर तो बॉयलरचा बिघाडच नाही. हे निरीक्षण लिहून ठेवा, कारण इंजिनिअर पहिला प्रश्न हाच विचारतो.

## टप्पा ३: दाबाचा काटा

बॉयलरच्या दर्शनी भागावर घड्याळासारखा काटा किंवा आकडा असतो. बॉयलर गार असताना तो साधारण १ ते १.५ बारमध्ये (बार हे दाबाचं एकक) हवा. अर्ध्या बारच्या खाली गेला तर बरेच बॉयलर आपण होऊन बंद होतात. व्हेलंट कंपनीच्या बॉयलरवर एफ २२ आणि आयडियल कंपनीच्या बॉयलरवर एफ १ हे कोड पाणी किंवा दाब कमी असल्याचे आहेत.

दाब वाढवण्याचं काम घरात राहणारी व्यक्ती करू शकते, त्याला गॅसचा परवाना लागत नाही. भाड्याच्या घरात आधी मालकाला एक मेसेज टाका आणि मग असं करा:

१. बॉयलर बंद करून गार होऊ द्या. तापलेल्या बॉयलरचा काटा वर सरकलेला असतो, म्हणून अंदाज चुकतो.

२. फिलिंग लूपची दोन्ही टोकं घट्ट बसली आहेत ना, हाताने चाचपून बघा. खाली जुना टॉवेल अंथरा.

३. एका टोकाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. व्हॉल्व्हवरची खाच पाइपच्या दिशेने आली की तो उघडा, आडवी असली की बंद. खाचेला सपाट स्क्रू-ड्रायव्हर लागतो.

४. आता दुसरा व्हॉल्व्ह अगदी थोडा, पाण्याचा सूं आवाज येईल इतकाच उघडा. नजर काट्यावरून हलवू नका, कारण काटा काही सेकंदांतच वर चढतो.

५. १.३च्या आसपास आला की दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. नळी काढता येण्यासारखी असेल तर काढून ठेवा.

सावधान: सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे एक व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहणं. पाणी हळूहळू भरत राहतं, दाब ३ बारच्या आसपास गेला की सुरक्षा-व्हॉल्व्ह उघडतो आणि बाहेरच्या भिंतीवरच्या तांब्याच्या नळीतून पाणी पडू लागतं. एकदा उघडलेला हा व्हॉल्व्ह पुढे नीट बसेलच असं नाही. दाब जास्त झालाच तर एखाद्या रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातल्या स्क्रूला चावी लावून, खाली फडकं धरून, थोडं पाणी सोडा.

उलट बाजूची चूकही सांगतो. रेडिएटर वरून गार म्हणून लोक त्यातली हवा काढतात आणि काटा बघायला विसरतात. हवा गेली की दाबही उतरतो. हवा काढल्यावर काटा बघायचाच.

तपासा: दाब भरल्यावर दोन-चार दिवसांत पुन्हा उतरला, तर कुठेतरी गळती आहे किंवा आतली एक्स्पान्शन टाकी (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारी) बिघडली आहे. रोज पाणी भरत बसू नका, कळवा.

## टप्पा ४: बाहेरचा पाइप गोठलाय का?

रात्री तापमान शून्याखाली गेलं असेल आणि आदल्या दिवशी सगळं सुरळीत असेल, तर पहिला संशय याच पाइपवर घ्या. कन्डेन्सिंग बॉयलरमध्ये जळालेल्या गॅसमधल्या वाफेचं पाणी होतं आणि ते थेंबाथेंबाने या प्लॅस्टिकच्या पाइपातून बाहेर जातं. पाइप बारीक, बाहेर उघडा आणि त्यातली धार अगदी किरकोळ, म्हणून पाणी गोठतं. मग ते मागे तुंबतं आणि बॉयलर बंद होतो. आतून गुडगुड असा आवाज येणं ही याची खूण. वुस्टर बॉशवर ई ए, व्हेलंटवर एफ २८, आयडियलवर एल २ असे कोड अशा वेळी दिसतात. ज्योत न पेटण्याच्या इतर कारणांनीही ते येतात, पण कडाक्याच्या थंडीत आधी पाइप बघा.

कुठे गोठलाय ते चाचपून शोधा. बहुतेक वेळा बर्फ गटाराजवळच्या तोंडाशी, कोपऱ्यांवर किंवा पाइप जिथे आडवा, जवळजवळ सपाट गेलाय तिथे धरतो. तोंडाशी बर्फाचा मणी दिसला तर जागा सापडलीच.

किटलीत पाणी तापवा आणि बोट बुडवता येईल इतकं निवू द्या. अंघोळीच्या पाण्याला विसण घालतो तसं गार पाणी मिसळलं तरी चालेल. तांब्याने किंवा झारीने ते पाइपवर ओता, तोंडापासून सुरुवात करून वर सरकत. गरम पाण्याची पिशवी किंवा गरम पाण्यात पिळलेला टॉवेल पाइपला बांधून ठेवला तर आणखी बरं, कारण ऊब टिकते आणि पाणी वाया जात नाही. थोड्या वेळाने तोंडातून तुंबलेलं पाणी भसकन बाहेर येतं.

सावधान: उकळतं पाणी ओतू नका. गारठलेलं प्लॅस्टिक तडकतं. जमिनीवर सांडलेलं पाणी तासाभरात काचेसारखं गोठतं आणि त्यावरून घरातलंच कुणीतरी घसरतं, म्हणून लगेच मीठ टाका. पाइप जमिनीवरून हाताला येत नसेल तर शिडी लावून चढू नका, ते काम इंजिनिअरचं.

## टप्पा ५: आता रिसेट, तेही मोजून

कारण दूर केल्यावरच रिसेट. बटण किती सेकंद दाबून धरायचं ते पुस्तिकेत दिलेलं असतं. दाबा आणि काही मिनिटं थांबा, कारण बॉयलर पंखा फिरवतो, मग ठिणगी टाकतो आणि मग पेटतो. या दरम्यान पुन्हा दाबलं की सगळं पहिल्यापासून सुरू होतं. दोनदा, फार तर तीनदा प्रयत्न करा. तेवढ्यात पेटला नाही तर हात मागे घ्या. बॉयलर स्वतःला बंद करतो तो सुरक्षेसाठी.

सावधान: पुढचं झाकण काढू नका. पुष्कळ बॉयलरमध्ये ते झाकण ज्वलनकक्ष हवाबंद ठेवतं, आणि नीट न बसल्यास घरात कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो. यूट्यूबवर बघून आतला भाग बदलणं तर नकोच. ब्रिटनमध्ये गॅसचं काम गॅस सेफ रजिस्टरवर, म्हणजे परवानाधारक गॅस इंजिनिअरांच्या अधिकृत यादीत, नोंद असलेल्यानेच करायचं असतं.

## टप्पा ६: कळवा, आणि लेखी कळवा

भाड्याचं घर असेल तर १९८५च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या कलम ११नुसार हीटिंग आणि गरम पाण्याची व्यवस्था दुरुस्त ठेवणं मालकाचं काम आहे. आधी फोन करा आणि पाठोपाठ ईमेल पाठवा. ईमेलमध्ये एवढं हवं: बॉयलरची कंपनी आणि मॉडेल, कोड, दाबाचा आकडा, कधीपासून बंद, गरम पाणी आहे की नाही, तुम्ही काय काय तपासलं, खोलीचं तापमान आणि घरात कोण आहे. 'आठ महिन्यांचं बाळ आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई घरात आहेत' हे वाक्य संकोच न करता लिहा. पडद्याचा आणि काट्याचा फोटो जोडा. इतकी माहिती असली की इंजिनिअर योग्य सुटा भाग घेऊनच येऊ शकतो आणि एक फेरी वाचते.

कायद्यात तासांचा ठरलेला आकडा नाही, 'वाजवी वेळ' असं म्हटलं आहे. पण हिवाळ्यात हीटिंग नसणं तातडीचंच मानलं जातं. एक-दोन दिवसांत हालचाल दिसली नाही तर कौन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभागाला कळवा. घरातली अतिरेकी थंडी हा त्यांच्या तपासणीतला नोंदलेला धोका आहे.

रागाने भाडं थांबवू नका. थकबाकी तुमच्या नावावर चढते आणि घर सोडायला लावायला तेच कारण पुरतं. मालकाची लेखी परवानगी नसताना स्वतः इंजिनिअर बोलावून पैसे भाड्यातून वळते करू नका.

घर स्वतःचं असेल तर आधी वॉरंटी बघा. नव्या बॉयलरवर ती अनेक वर्षांची असते, पण दरवर्षी सर्व्हिसिंग झाल्याची नोंद लागते. घराच्या विम्यात तातडीच्या दुरुस्तीचं कलम आहे का तेही बघा. दोन्ही नसेल तर फोनवरच विचारा: भेटीचे पैसे किती, त्यात किती वेळ धरलाय, व्हॅट धरून की वगळून. घाबरलेल्या माणसाकडून काहीही रक्कम निघते, हे ओळखून असणारे लोक या धंद्यात आहेत. आलेल्या माणसाचं गॅस सेफ कार्ड मागा. त्यावर फोटो आणि सात आकडी परवाना क्रमांक असतो, तो रजिस्टरच्या संकेतस्थळावर तपासता येतो. कार्डाची मागची बाजूही बघा, कोणकोणत्या कामाची मुभा आहे ते तिथे लिहिलेलं असतं.

## टप्पा ७: तोवर घर नाही, एक खोली राखा

सगळं घर विजेवर तापवण्याच्या नादी लागू नका. सर्वांत लहान, शक्यतो उन्हाची खोली निवडा आणि सगळे तिथेच राहा, तिथेच झोपा. दाराखालच्या फटीला टॉवेलची गुंडाळी लावा, दुपारी पडदे उघडे ठेवा आणि अंधार पडायच्या आत ओढून घ्या.

२ किलोवॉटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर वीज खेचतो आणि एक्स्टेन्शनची मर्यादा १३ असते. दोन हीटर लावले की ती ओलांडली जाते, वायर तापते आणि आग लागू शकते. म्हणून हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटला, एका जागी एकच. पडदे, गाद्या, कपडे मीटरभर लांब ठेवा, हीटरवर काही वाळत घालू नका आणि झोपताना बंद करा. युनिटचा दर २७ पेन्स धरला तर असा हीटर तासाला ५४ पेन्स खातो. रात्रीसाठी गरम पाण्याच्या पिशव्या आणि दोन पातळ स्वेटर एकावर एक, हे कितीतरी स्वस्त.

सावधान: कोळशाची शेगडी, बार्बेक्यू किंवा तंदूर घरात आणू नका, खिडकी उघडी ठेवूनही नाही. बाळंतिणीला शेक-शेगडी द्यायची म्हणून आजी निखाऱ्यांचा आग्रह धरतात. त्यांना समजावून सांगा की इथली घरं फटी बुजवून बांधलेली असतात आणि निखाऱ्यांचा वायू आतच कोंडतो. शेक गरम पाण्याच्या पिशवीने द्या. गॅसचा ओव्हन उघडा ठेवून खोली तापवणंही तितकंच धोक्याचं.

बाळाची खोली १६ ते २० अंशांत पुरते. थंडी म्हणून बाळाला कानटोपी घालून झोपवण्याची आपली सवय इथे मोडा, कारण बाळ जास्तीची उष्णता डोक्यातूनच बाहेर टाकतं. पाळण्यात गरम पिशवीही ठेवू नका. वयस्कर माणसांसाठी किमान १८ अंश राखा. पुण्या-नाशकाहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा 'आम्हाला नाही वाजत' म्हणतात, पण उतारवयात थंडीची जाणीवच मंदावते. त्यांच्या शब्दावर न जाता थर्मामीटर बघा. खोली त्याहून गार राहत असेल तर बॉयलर सुरू होईपर्यंत त्यांना मित्रांकडे पाठवा.

## टप्पा ८: अंघोळ आणि नळ

घरात दोरी ओढून चालू होणारा विजेचा शॉवर असेल तर तो बॉयलरवर अवलंबून नसतो. नसेल तर बादली. आधी गार पाणी, मग किटलीतलं, आणि बादली भरेपर्यंत मुलांना बाथरूमबाहेर ठेवा. भारतातून आणलेला पाणी तापवायचा रॉड वापरू नका. इथल्या बाथरूममध्ये सॉकेट नसतं, मग वायर दारातून ओढली जाते आणि ओल्या फरशीवर शॉक बसतो.

बाहेर शून्याखाली असेल तर सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा, म्हणजे खोलीतली ऊब पाइपांपर्यंत पोचते. नळाची धार अचानक बारीक झाली किंवा थांबली तर पाइप गोठला असं समजा, नळ उघडा ठेवा आणि स्टॉपकॉक घड्याळाच्या दिशेने फिरवून बंद करा. पाइप फुटलेला असेल तर ते बर्फ वितळल्यावरच कळतं.

## टप्पा ९: इंजिनिअर गेल्यावर

जाण्यापूर्वी त्याच्याकडून काय बिघडलं होतं आणि काय बदललं ते कागदावर किंवा ईमेलने घ्या. त्याने बॉयलरवर धोक्याची सूचना चिकटवली असेल, तर ती निघेपर्यंत बॉयलर चालू करू नका, मग घरमालक फोनवर काहीही म्हणो.

त्याच्या देखत गरम पाण्याचा नळ सोडा, थर्मोस्टॅट वर न्या आणि सगळ्यांत लांबचा रेडिएटर तापतो का, हाताने बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी, बॉयलर गार असताना काटा वाचून आकडा फोनमध्ये टिपा. आठवड्याने पुन्हा वाचा. पाइप गोठला असेल तर बाहेरच्या भागावर जाड फोमचं, पाणी न शोषणारं आवरण बसवून मागा आणि तो पाइप ३२ मिलिमीटरचा करता येईल का, हेही विचारा. पुढची थंडीची लाट आली की रात्री हीटिंग पूर्ण बंद न करता थर्मोस्टॅट १५ अंशांवर सोडा.